तांब्यावरचं नाव

पुण्याचं नाव सगळ्यात आधी लिहिलेलं सापडतं ते तांब्यावर. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. 758 च्या ताम्रपटात 'पुण्य विषय' असा उल्लेख येतो, आणि तळेगावला मिळालेल्या 768 च्या ताम्रपटात 'पूनक विषय'. विषय म्हणजे त्या काळचा जिल्हा. दुसऱ्या पटात राजाने गावदान दिलंय आणि खरेदीखतात लिहितात तशा त्याच्या चतुःसीमा नोंदवल्यात. त्यात थिउर आहे, दाडिम आहे, आळंदीय आहे. म्हणजे आपलं थेऊर, दाळिंब आणि आळंदी. ज्ञानोबांची नव्हे, चोराची आळंदी! साडेबाराशे वर्षांत राज्यकर्त्यांची किती घराणी आली आणि गेली. या गावांच्या नावातलं एखाददुसरं अक्षर तेवढं झिजलं.

उलट राजांनी दिलेली नावं बघा. 1703 मध्ये औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात असताना त्याचा नातू इथे वारला, म्हणून नातवाच्या नावावरून गावाला 'मुहियाबाद' असं नाव दिलं गेलं. शनिवार पेठेचं जुनं नाव मुर्तजाबाद. आज बुधवार पेठेत उभं राहून मुहियाबादेचा पत्ता विचारा, रिक्षावाला तुम्हालाच वेड्यात काढेल.

कसब्यातली तांबट आळी मात्र तांबट आळीच राहिली, आणि शेजारची बुरूड आळीही. माझं आजोळ कसब्यातलं, त्यामुळे तांबट आळीची ठकठक मी आजीच्या ओरडण्याइतकीच ऐकलीय. त्वष्टा कासार समाजाची ही माणसं मूळची कोकणातली. पेशव्यांच्या काळात पुणं वाढलं, वाडे उठले, वाड्यांना हंडे, घंगाळी, पराती लागल्या, तसे कारागीर घाट चढून आले. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्येही तांब्या-पितळेच्या या धंद्याबद्दल सविस्तर लिहिलेलं आहे.

काम बघायचं तर मठारकाम बघावं. पत्र्याची गोल चकती कापून, भट्टीत लाल करून, ठोकून भांड्याचा आकार आणतात. ठोकलं की तांबं ताठरतं, म्हणून पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं. डाख लावून सांधे भरतात, आम्लात बुडवून काळपटपणा काढतात. मठारायची पाळी येते ती सगळ्यात शेवटी. कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडं उलटं घालतो, ते डाव्या हाताने सावकाश फिरवतो आणि उजव्या हातातल्या आरशासारख्या घासलेल्या हातोडीने ठोक्याला ठोका लावत जातो. दोन ठोक्यांत फट राहता कामा नये आणि एक ठोका दुसऱ्यावर चढताही कामा नये. हातोडीला पोचा असेल तर तो पोचा भांडंभर उमटतो, म्हणून हातोडी कुणी कुणाला उसनी देत नाही, असं आजोबा सांगायचे. ठोक्यांच्या त्या टिकल्यांची शोभा लोकांना दिसते. पण मठारल्याने पत्रा कडक होतो आणि मोठ्या भांड्याला सहज पोचा येत नाही, हे मुख्य. मशीनवर दाबलेल्या भांड्यावरही हल्ली तशाच टिकल्या छापतात. जवळून बघितलं की सगळ्या एकसारख्या निघतात, तिथेच कळतं.

आळीचं पोट बंबावर होतं. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली राख पडायची जाळी, बाजूला पितळी तोटी: एवढं सगळं एका भांड्यात जमवायला तांबटच लागायचा. मग गिझर आला आणि बंब माळ्यावर गेला. स्टेनलेस स्टीलने हंडे-कळश्या घालवल्या. स्टीलला कल्हई लागत नाही, त्यामुळे कल्हईवालाही गेला. अलीकडे तांब्याच्या जगमधलं पाणी पिण्याची टूम निघालीय आणि दिव्याच्या मठारलेल्या शेड्सना बंगल्यांतून मागणी आहे. आरोग्याचे दावे मला फारसे पटत नाहीत, पण त्या निमित्ताने दोन हातोड्या चालू राहिल्या तर माझी तक्रार नाही. मात्र नव्या पिढीतली बरीच मुलं नोकऱ्यांत गेली आणि त्यांना नावं ठेवायचा हक्क मला नाही. दिवसभर कानाशी ती ठकठक घेऊन बसणं सोपं नसतं.

मोडीत तांब्याला वजनावर भाव मिळतो, मठारकामाचा एक पैसा मिळत नाही. तेव्हा माळ्यावरचा बंब भंगारवाल्याच्या तराजूत घालण्याआधी एकदा तांबट आळीत नेऊन दाखवा. तोटी बदलून, डाख लावून तो बहुधा दुरुस्त होईल.