धुराला संमती कुणाची?

हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ चा. कलम २१ प्रमाणे नियंत्रण क्षेत्रात कारखाना चालवायला प्रदूषण मंडळाचे संमतीपत्र लागते. आधी ही सक्ती परिशिष्टातल्या उद्योगांपुरती होती. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले. फाउंड्री आणि पोलाद मात्र पहिल्या दिवसापासून त्यात होते. म्हणजे भट्टीवाल्यांना ‘आम्हाला वेळ मिळाला नाही’ म्हणायची सोय नाही.

पण संमती कुणाची? मंडळाची. बोईसरच्या चाळीतल्या कंत्राटी कामगाराला किंवा शेजारच्या पाड्यावरच्या वारली बाईला कोण विचारतो? २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने तर मंजूर औद्योगिक वसाहतींतल्या प्रकल्पांना जनसुनावणीतूनच सूट दिली.

इंडक्शन भट्टीत भंगार टाकताना आणि रस ओतताना तोंड उघडे असते. भंगारावर रंग, तेल, जस्ताचा थर. धुराड्याकडे न जाता शेडच्या छपरातून निसटणारा धूर चिमणीच्या मोजणीत येतच नाही. भट्टीजवळचा मजूर तो सगळ्यात आधी ओढतो. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाचे तास ४८ वर आणण्याचे विधेयक मांडले, १९४६ मध्ये तो कायदा झाला. त्या तासांत छातीत काय जाते, हा त्याच हिशेबाचा पुढचा भाग आहे.

केंद्रीय मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर २००९ मध्ये ७२.०१ वर होते. २०१८ मध्ये ९३.६९, देशात पहिले. मधल्या काळात संमतीपत्रे निघतच होती.

मांगेला मच्छीमारांच्या परिषदेने पाण्यासाठी हरित लवाद गाठला, २०२२ मध्ये उद्योगांवर भरपाईचा आदेश आणला. धुरासाठी सुरुवात संमतीपत्रापासून करा. ती मंडळाच्या संकेतस्थळावर सापडतात. हवेच्या अटींचे पान काढा आणि रात्रपाळीत शेडच्या छपराकडे बघा.