जुनी ‘प्लग-इन हायब्रिड’ स्पोर्ट्स कार घेताना...

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके. एकातून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो, दुसऱ्यातून पुणे-सोलापूर महामार्ग. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे या ऊसपट्ट्यात नवे उद्योजक, ठेकेदार आणि वाहतूकदार उभे राहिले. रांजणगावच्या फियाट कारखान्यात तर जीप कंपास ही मोटार तयार होते. त्यामुळे मोटारींचे कौतुक येथे नवे नाही. अशा भागातील एखाद्या हौशी ग्राहकाला पुण्या-मुंबईच्या जुन्या मोटारींच्या बाजारात पंखांसारखी दारे वर उचलणारी स्पोर्ट्स कार नव्या किमतीच्या तुलनेत बऱ्याच कमी दरात दिसली, तर मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र ही मोटार ‘प्लग-इन हायब्रिड’ असेल, तर नेहमीची जुनी मोटार पारखण्याचे ठोकताळे तिला पुरे पडत नाहीत.

भारतात या प्रकारातील सर्वांत परिचित मोटार म्हणजे बीएमडब्ल्यू आय-८. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती भारतीय बाजारात आली, तेव्हा तिची शोरूममधील किंमत २ कोटी २९ लाख रुपये होती. मोटार पूर्णपणे तयार अवस्थेत आयात होत असे. जर्मनीतील लाइपझिग येथील कारखान्यात तिचे उत्पादन जून २०२० मध्ये थांबले. तोवर जगभरात वीस हजारांहून अधिक मोटारी बनल्या होत्या. त्यानंतर लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो, मॅकलॅरेन आर्तुरा यांसारख्या प्लग-इन हायब्रिड मोटारी भारतात आल्या, पण त्यांच्या नव्या किमती पाच ते नऊ कोटींच्या घरात. साहजिकच जुन्या बाजारात सामान्य हौशी श्रीमंताची नजर आय-८ वर स्थिरावते.

दोन हृदये, एक शरीर

साध्या हायब्रिड मोटारीची बॅटरी चालता चालताच भरते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी याशिवाय घरच्या विजेवरही भरता येते आणि काही अंतर इंजिन बंद ठेवून केवळ विजेवर जाता येते. आय-८ मध्ये मागील चाकांना दीड लिटर क्षमतेचे, तीन सिलिंडरचे, टर्बो पेट्रोल इंजिन २३१ अश्वशक्ती पुरविते. पुढील चाकांना १३१ अश्वशक्तीची विद्युत मोटर. दोन्ही मिळून ३६२ अश्वशक्ती. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती ४.४ सेकंदांत गाठते, असे उत्पादक सांगतो. प्रवाशांचा कक्ष कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचा असल्याने वजन दीड टनाच्या आसपास राहिले आहे. २०१८ मधील सुधारित आवृत्तीत बॅटरी ७.१ वरून ११.६ किलोवॉट-तासांची झाली आणि एकत्रित शक्ती ३७४ अश्वशक्तीवर गेली. जुनी मोटार घेताना ती २०१८ पूर्वीची की नंतरची, हा पहिला प्रश्न विचारावा, तो याचसाठी.

खरी परीक्षा बॅटरीची. मोटार किती किलोमीटर चालली याला येथे दुय्यम महत्त्व आहे. श्रीमंताच्या घरी वर्षातून चार वेळा बाहेर निघणारी, एरवी आच्छादनाखाली उभी असलेली मोटार कमी चाललेली असते खरी. परंतु महिनोन्‌महिने रिकामी पडून राहिलेली बॅटरी नियमित वापरातील बॅटरीपेक्षा अधिक खराब झालेली असू शकते. सर्व नियंत्रण यंत्रणेला वीज पुरविणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही अशा मोटारीत लवकर मान टाकते, आणि मग पडद्यावर असंख्य दोष एकाच वेळी दिसू लागतात. त्यांतील खरे किती आणि अशक्त छोट्या बॅटरीमुळे उद्भवलेले किती, हे ओळखण्यास निदान यंत्र लागते. अधिकृत सेवा केंद्रातून मोठ्या बॅटरीच्या शिल्लक क्षमतेचा लेखी अहवाल मागावा. विक्रेता त्याला टाळाटाळ करीत असेल, तर व्यवहार तेथेच थांबविणे शहाणपणाचे.

अहवालाच्या जोडीला एक साधी चाचणीही करता येते. सुरुवातीच्या आय-८ ची विजेवरील मजल कागदोपत्री ३७ किलोमीटर होती. प्रत्यक्षात सुस्थितीतील मोटारीकडून २० ते २५ किलोमीटरची अपेक्षा धरावी. शिरूर ते रांजणगाव हे अंतर सुमारे १७ किलोमीटर. बॅटरी पूर्ण भरून, ‘ई-ड्राइव्ह’ निवडून, अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून निघालेली मोटार इंजिन सुरू न करता रांजणगावच्या महागणपतीपर्यंत पोहोचली पाहिजे. ती कारेगावच्याही आधी पेट्रोलवर येत असेल, तर बॅटरी थकली आहे असे समजून किंमत पुन्हा बोलावी. जोरात वेग घेतला तर इंजिन आपोआप सुरू होते, हे मात्र चाचणीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

इतरही काही गोष्टी पाहाव्या लागतात. मूळ चार्जिंग केबल सोबत आहे का? ती पॅकबंद अवस्थेत मिळाली, तर आधीच्या मालकाने मोटार विजेवर कधी भरलीच नाही, असा अर्थ निघतो. वातानुकूलन यंत्र नीट गार करते का? या मोटारीत त्याचा संबंध केवळ प्रवाशांच्या सुखाशी नाही; बॅटरी थंड ठेवण्याचे कामही त्याच शीतक वायूवर चालते. पेट्रोलची टाकी दाबाखाली असते, त्यामुळे झाकण उघडण्यापूर्वी आतील कळ दाबून दाब उतरण्याची वाट पाहावी लागते. ही यंत्रणा काम करते की नाही, हे पंपावर नेऊनच पाहावे. दारे वर उचलून धरणारे दट्टे थकले असतील, तर दार आपसूक खाली येऊ लागते.

घरी सॉकेट, पण ‘अर्थिंग’ आहे का?

मोटार घरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर भरता येते. भिंतीवरील चार्जर बसविला तर दोन-अडीच तासांत काम होते. महामार्गावरील जलद डीसी चार्जर या मोटारीस चालत नाहीत, त्यामुळे वाटेतील चार्जिंग केंद्रांची संख्या पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. वाडीवस्तीवरील किंवा जुन्या वाड्यातील वीजजोडणीत अर्थिंग नावालाच असते. अशा ठिकाणी मोटार वीज घेण्यासच नकार देते आणि दोष मोटारीच्या माथी मारला जातो. खरेदीपूर्वी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग आणि मंजूर भार तपासून घेणे हा काही शेकड्यांचा खर्च आहे.

याहून गंभीर बाब म्हणजे मोटारीतील उच्च दाबाची वीज. आय-८ ची बॅटरी सुमारे ३५५ व्होल्टची आहे आणि तिचा प्रवाह नारिंगी रंगाच्या केबलमधून वाहतो. एकसमान प्रवाहाचा हा धक्का माणसाचा जीव घेऊ शकतो. महामार्गावरचा गॅरेजवाला कितीही अनुभवी असला, ट्रॅक्टरपासून ट्रकपर्यंत सारे उघडून पाहण्याची त्याची तयारी असली, तरी नारिंगी केबलला त्याने हात लावता कामा नये, आणि मालकानेही त्याला तसा आग्रह करू नये. अपघात झाल्यास मदतीला धावणाऱ्यांना मोटार हायब्रिड आहे हे आधी सांगावे. इंजिन बंद आहे याचा अर्थ वीज बंद आहे असा होत नाही. दुरुस्तीसाठी पुणेच गाठावे लागते. रस्त्यात बंद पडलेली मोटार दोरीने ओढत न नेता सपाट तळाच्या वाहनावर चढवून न्यावी.

कागदपत्रांचा घोळ

परराज्यात नोंदलेल्या महागड्या मोटारी स्वस्तात दिसतात, त्यामागे बहुधा कराचे गणित असते. अशी मोटार महाराष्ट्रात कायमची आणायची, तर मूळ परिवहन कार्यालयाचे ‘ना हरकत’ प्रमाणपत्र (नमुना २८) लागते आणि येथील एकरकमी कर भरावा लागतो. आयात मोटारींसाठी नव्या नोंदणीवेळी हा दर २० टक्के आहे. कराची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली. जुन्या मोटारीला वयानुसार सवलत मिळते, तरीही रक्कम लहान नसते. ती विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत धरली आहे की नाही, हे आधी ठरवावे.

महाराष्ट्रातच नोंदलेल्या मोटारीचा क्रमांक बदलत नाही. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत कळविणे मोटार वाहन कायद्यानुसार बंधनकारक आहे. विमा आपल्या नावावर करण्याची मुदतही १४ दिवसांची. मोटारीवर कर्ज असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. शिरूरच्या ग्राहकाचे काम पुणे कार्यालयात (एमएच १२), तर दौंडच्या ग्राहकाचे बारामती कार्यालयात (एमएच ४२) होते. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या मोटारीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसविलेली आहे का, तेही पाहावे; ती नसेल तर हस्तांतर अडते. विजेवर चालते म्हणून हिरवी पाटी मिळेल, ही समजूतही चुकीची आहे. ती केवळ बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना मिळते.

राहिला प्रश्न रस्त्यांचा. मोटारीचा तळ जमिनीपासून जेमतेम १२ सेंटिमीटर उंच. चाके वीस इंची, टायर अरुंद आणि सहजी न मिळणाऱ्या मापाचे. जादा चाक तर नाहीच, केवळ पंक्चर बुजविण्याचे साहित्य असते. शिरूर-न्हावरा-चौफुला मार्गाने दौंडकडे निघालेल्या अशा मोटारीला गावोगावचे गतिरोधक तिरपे घेऊनच ओलांडावे लागतात. गाळप हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री याच रस्त्यांवर असतात, आणि इतक्या बुटक्या मोटारीच्या चालकाला ट्रॉलीपलीकडचे काहीच दिसत नाही.