चौकटीत न मावणारी सूर्या

गेल्या पावसाळ्यात कासाला घरी होतो. आजीकडून ऐकलेले वारली शब्द फाइलमध्ये उतरवायला बसलो. सवयीने काळ्या टर्मिनलात इमॅक्स उघडलं आणि नदीबद्दलच्या पहिल्याच नोंदीत 'सूर्या' मोडली. रफार गायब, र लंगडा, य सुटा. 'महालक्ष्मी'चे तर तुकडेच. आजीला वाचता येत नाही. चौथीतली पुतणी तिला वाचून दाखवायला लागली आणि अडखळली. "काका, हे चुकलंय."

फाइल बरोबर होती, चुकत होता पडदा. टर्मिनल हा जुन्या यंत्रांचा वारसा. १९७८ च्या व्हीटी-१०० वर ८० खाने, २४ ओळी, एका खान्यात एक अक्षर. इंग्रजीचं भागलं. पण 'महालक्ष्मी' युनिकोडमध्ये १० खुणांची आणि डोळ्यांना ४ अक्षरांची. कर्सर किती खाने सरकवायचा, यावर एडिटर आणि टर्मिनल यांचं एकमतच होत नाही. मग खोडायला जावं एक, खोडलं जातं दुसरंच.

हे दुखणं आपल्याकडे आधीच ओळखलं गेलं होतं. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांनी जिस्ट तंत्रज्ञानावर काम केलं. पुढे ते पुण्यात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलं. संगणकात जिस्ट कार्ड बसवलं की डॉसच्या साध्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसे. म्हणजे अक्षरं जुळवायला वेगळं हार्डवेअर! मला हे अजूनही भन्नाट वाटतं.

इमॅक्सची वाट वेगळी. केनिची हांडा आणि सहकाऱ्यांचं बहुभाषिक काम १९९७ च्या २० व्या आवृत्तीत आलं. २०२० च्या २७.१ पासून खिडकीतल्या इमॅक्समध्ये अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ ही लायब्ररी करते. खिडकीत एडिटर स्वतः फाँट निवडतो, जोडाक्षर स्वतः काढतो. टर्मिनलात मात्र तो नुसती खुणांची रांग पाठवतो, पुढचं टर्मिनलच्या मर्जीवर. काही टर्मिनलं हल्ली बरं जमवतात, माझं त्यातलं नव्हतं.

कॉलेजात आम्ही खिडकीवाल्यांना हसायचो. माउस वापरणारा म्हणजे कच्चा गडी! सर्व्हरवर मी आजही टर्मिनलच वापरतो, तिथे खिडकीची गरज नसते.

त्या दिवशी '-एनडब्ल्यू' काढून तीच फाइल खिडकीत उघडली, अक्षर मोठं केलं. पुतणी सरळ वाचत गेली. सातव्या ओळीला आजीने तिला थांबवलं. शब्द बरोबर दिसत होता, पण मीच चुकीचा ऐकला होता.