फळ्यावरची पट्टी, पडद्यावरची पट्टी

सकाळी पहिल्या तासाला वर्गात पाऊल टाकले की फळ्याच्या माथ्यावरची ओळ दिसते : वार, दिनांक, पट, हजर. ती मुद्दाम कोणी वाचत बसत नाही. पण मुख्याध्यापक दारात आले की त्यांची नजर आधी तिथेच जाते. अकोल्यात आमच्या वर्गात पावसाळ्यात या ओळीत आणखी एक आकडा येतो, भंडारदऱ्याच्या पाणीसाठ्याचा. धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. प्रवरेच्या काठच्या गावात जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा पटसंख्येइतकाच महत्त्वाचा असतो, त्यामुळे मुलांनीच तो ओळीत घुसवला.

अशीच एक ओळ संगणकाच्या पडद्यावर असते. तिला स्थितिपट्टी किंवा सरळ 'स्टेटस बार' म्हणतात. वेळ, बॅटरी, नेटवर्क एवढे तिच्यात दिसते. बहुतेक संगणकांवर या पट्टीत काय दिसावे हे दूरच्या कंपनीने आधीच ठरवलेले असते. आमच्या शाळेतल्या जुन्या, कमी मेमरीच्या लॅपटॉपवर आम्ही लिनक्स आणि त्यावर एक हलका 'टाइलिंग विंडो मॅनेजर' बसवला, तेव्हा ही पट्टी आम्हालाच लिहावी लागली. लिहिताना ती बिघडली. बिघाडाचे कारण शोधता शोधता आम्ही थेट मुंबईच्या एका जुन्या प्रकल्पापर्यंत पोचलो. ती हकिकत सांगण्यासारखी आहे.

आधी शब्द समजून घेऊ. पडद्यावरच्या चौकटी कुठे, केवढ्या ठेवायच्या हे ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे विंडो मॅनेजर. सवयीच्या संगणकात चौकटी टेबलावरच्या कागदांसारख्या एकमेकींवर पडतात. टाइलिंग प्रकारात त्या शहाबादी फरशीसारख्या शेजारी शेजारी बसतात, एकही झाकली जात नाही. ही कल्पना नवी वाटते, पण झेरॉक्स कंपनीच्या १९८१ सालच्या 'स्टार' संगणकावर कामाच्या चौकटी अशाच मांडलेल्या असत. एकमेकींवर पडलेल्या चौकटी सरळ करण्यातच लोकांचा वेळ जातो, असे तिथल्या मंडळींच्या लक्षात आले होते. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्येही चौकटी फरशीसारख्याच होत्या. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या एकमेकींवर चढू लागल्या आणि जगाला तेच सवयीचे झाले.

पट्टीचा इतिहासही तितकाच जुना आहे. अक्षरांचेच पडदे होते त्या काळात ईमॅक्स या संपादकाच्या खालच्या कडेला एक ओळ असे : कोणती फाइल उघडी आहे, ती बदलली आहे का, आपण कितव्या ओळीवर आहोत. १९८७ च्या व्हीटी-३२० या टर्मिनलवर चोवीस ओळी मजकुराच्या आणि पंचविसावी केवळ स्थिती सांगण्यासाठी राखलेली होती. पडदा इतका लहान असतानाही एक पूर्ण ओळ यासाठी बाजूला काढावीशी वाटली, हे लक्षात घ्या.

लिनक्सवर ही पट्टी आपल्या हाती आली ती एका जुन्या निर्णयामुळे. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 'एक्स विंडो सिस्टिम' तयार होऊ लागली. तिच्या कर्त्यांनी ठरवले की आम्ही पडद्यावर रेघ आणि अक्षर उमटवण्याची साधने देऊ, पण चौकटी कशा दिसाव्यात, पट्टी असावी की नसावी, हे ठरवणार नाही. ते काम वेगळ्या प्रोग्रॅमवर सोपवले. त्यामुळे पुढे कोणीही आपापला विंडो मॅनेजर लिहू शकला. २००६ मध्ये डीडब्ल्यूएम, २००७ मध्ये एक्समोनॅड, २००९ मध्ये आय-थ्री असे टाइलिंग प्रकारचे अनेक प्रोग्रॅम आले. फरशीची कल्पना अशी वीस-पंचवीस वर्षांनी परत आली.

आम्ही डीडब्ल्यूएमपासून सुरुवात केली. त्याच्या कर्त्यांनी स्वतःवर एक बंधन घातले होते, सगळा प्रोग्रॅम दोन हजार ओळींच्या आत ठेवायचा. मग पट्टीसाठी वेगळी सोय कुठून येणार? युक्ती अशी की एक्स विंडो सिस्टिममध्ये सर्व चौकटींच्या मागे एक मूळ चौकट असते आणि तिला नाव देता येते. त्या नावात जो मजकूर ठेवाल तोच डीडब्ल्यूएम पट्टीत छापतो. नाव बदलत राहा, पट्टी बदलत राहील. आम्हाला तर हे फळा पुसून पुन्हा लिहिण्यासारखेच वाटले.

बॅटरीचा आकडा कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. लिनक्समध्ये त्याचे उत्तर सोपे आहे, कारण यंत्राची बहुतेक माहिती तिथे फाइलच्या रूपात वाचायला मिळते. एका ठरावीक ठिकाणी 'कपॅसिटी' नावाची फाइल असते. ती उघडली तर आत फक्त एक संख्या, म्हणजे किती टक्के बॅटरी उरली आहे. खरे तर डिस्कवर अशी फाइल नसतेच. आपण वाचायला गेलो की लिनक्स बॅटरीला विचारून ती संख्या त्या क्षणी पुढे करतो. आमच्याकडे तासाच्या मध्येच वीज जाते, म्हणून हा आकडा पट्टीत सर्वात आधी हवा होता. धरणासाठी मुलांनी एक साधी फाइल केली. सकाळी वर्तमानपत्र पाहून एक जण तिच्यात आकडा लिहितो, पट्टी ती फाइल वाचते. बॅटरीची फाइल आणि धरणाची फाइल, पट्टीच्या लेखी दोन्ही सारख्याच!

किती वेळाने विचारायचे यावर मात्र वाद झाला. एका मुलाने दर सेकंदाला दहा वेळा विचारण्याची आज्ञा लिहिली होती. पण विचारण्यासाठी प्रोसेसरला दर वेळी झोपेतून उठावे लागते आणि त्यात बॅटरी खर्च होते. २००७ मध्ये इंटेल कंपनीने 'पॉवरटॉप' हा प्रोग्रॅम दिला, तेव्हा कोणता प्रोग्रॅम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतो हे कोणालाही पाहता येऊ लागले आणि अनेकांना आपलेच प्रोग्रॅम खोडकर असल्याचे कळले. बॅटरी किती उरली हे सांगणारी पट्टीच बॅटरी खाते! हजेरी दिवसातून एकदा घेतली तरी पुरते, धरणाचा आकडाही रोज एकदा. बॅटरीसाठी आम्ही अर्ध्या मिनिटावर तडजोड केली.

सगळे इंग्रजीत नीट चालले. मग मुलांना वार मराठीत हवा होता, आणि तिथे पट्टी बिघडली. 'शनिवार' लिहिले तर न ची वेलांटी न ला सोडून पुढच्या व च्या डोक्यावर जाऊन बसली. 'शुक्रवार'मधला क्र फुटला, क चा पाय मोडलेला आणि र वेगळा. सुरुवातीला आम्हाला फाँटचा दोष वाटला. फाँट तीनदा बदलला, वेलांटी तिथेच.

याचे मूळ समजले तेव्हा मजा वाटली. संगणकात 'नि' साठवताना आधी न आणि मग वेलांटी असा क्रम असतो, म्हणजे आपण उच्चारतो तसा. कागदावर मात्र वेलांटी आधी येते. साठवलेल्या क्रमावरून दिसणारा क्रम लावणे, न दिसणारा हलन्त ओळखून जोडाक्षर घडवणे, हे काम कोणीतरी करावे लागते. इंग्रजीला त्याची गरज पडत नाही, म्हणून एक्सच्या मूळ रचनेत ते कोणाकडेच सोपवलेले नव्हते. डीडब्ल्यूएम अक्षरे आली तशी एकापुढे एक ठेवत जातो. दोन हजार ओळींत देवनागरीला जागा मिळाली नाही, असेही म्हणता येईल.

हे काम कोणी करावे यावर दोन मते होती. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात (एनसीएसटी) या शतकाच्या सुरुवातीला 'इंडिक्स' नावाचा प्रकल्प चालला. त्यांचे म्हणणे असे की भारतीय लिप्यांची जुळणी एक्स विंडो सिस्टिममध्येच घालावी, म्हणजे वरचा एकही प्रोग्रॅम न बदलता सर्वांना मराठी, हिंदी नीट दिसेल. याच केंद्रात सुलेखनकार र. कृ. जोशी काम करत. विंडोजवरचा 'मंगल' हा फाँट त्यांचाच, आणि खुला 'रघु' फाँटही. दुसरे मत असे की हे काम प्रत्येक प्रोग्रॅमने एका सामायिक ग्रंथालयाकडून, म्हणजे तयार प्रोग्रॅम-संग्रहाकडून करून घ्यावे. असे 'पँगो' नावाचे ग्रंथालय त्याच सुमारास तयार होत होते. त्याचे नाव ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा यांतून जोडलेले आहे. नेमका तेव्हाच फाँट हाताळण्याचा सारा कारभार एक्सकडून प्रोग्रॅमांकडे सरकत होता, आणि दुसरे मत टिकले. २००३ मध्ये एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाले.

त्याचा परिणाम आमच्या लॅपटॉपवर दिसत होता. जो प्रोग्रॅम पँगो वापरतो त्यात 'शनिवार' शुद्ध, जो वापरत नाही त्यात वेलांटी भरकटलेली. इंडिक्सचा मार्ग रुळला असता तर डीडब्ल्यूएमच्या कर्त्याला देवनागरी ठाऊक नसतानाही आमचा वार बरोबर उमटला असता. अर्थात एका ठिकाणची चूक मग सर्वांना भोवली असती. तरीही आम्हाला इंडिक्सची बाजू अधिक पटते, कारण छोटे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आपली लिपी आठवेलच असे नाही.

आम्ही शेवटी आय-थ्रीकडे वळलो. त्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये फाँटच्या नावाआधी 'पँगो' एवढा शब्द लिहिला की त्याची पट्टी पँगोकडून अक्षरे जुळवून घेते. 'शनिवार' जागेवर आला, 'शुक्रवार' सांधला गेला.

आकडे मात्र अजून इंग्रजी होते. दहावीतल्या एका मुलीने 'सेड' या आज्ञेने दहा इंग्रजी अंकांच्या जागी दहा मराठी अंक बसवले, एका ओळीत. मग तिने तीच ओळ आधीच्या बिघडलेल्या डीडब्ल्यूएमवर चालवून पाहिली. अंकांना वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. भंडारदऱ्याचा साठा तिथेही अचूक उमटला.