उधईची ओल

उधई आणि वाळवी हे मराठीत एकाच किड्याचे दोन शब्द. त्यांपैकी उधई संस्कृतातल्या उपदीका, उपदेहिका या घराण्यातला. अथर्ववेदात हाच जीव उपजीका या नावाने येतो आणि तिथे तो नासधूस करणारा नाही. रुक्ष भूमीत देवांनी उपजीकांसाठी पाणी ओतले, त्या पाण्याने विष उतरते, अशी तिथली समजूत आहे. आज आपण याच किड्यासाठी जमिनीत विष ओततो. पाण्यापासून विषापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच वाळवी आवरण्याच्या विद्येची कुळकथा. ती नीट पाहिली तर पटते की या विद्येचे मूळ औषधात नाही, ओल ओळखण्यात आहे. आणि ते मूळ विसरून केलेला उपाय फार काळ पुरत नाही.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचे एक अख्खे प्रकरण जमिनीखालच्या पाण्याच्या शोधाला दिले. झाड कोणते, वाळवीचे वारूळ त्याच्या कोणत्या अंगाला, यावरून पाणी किती खोल लागेल हे तो सांगतो. त्यातला प्रत्येक ठोकताळा आज खरा ठरेल असे नाही, पण त्यामागचे निरीक्षण पक्के आहे. कामकरी वाळवीची त्वचा इतकी पातळ असते की कोरड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून ती उघड्यावरून चालत नाही. माती आणि लाळ कालवून बोगदा बांधते आणि त्यातून ये-जा करते. भिंतीवर चढलेली मातीची रेघ ही जमिनीतून लाकडापर्यंत नेलेली ओलसर वाट असते. वराहमिहिराने वारुळावरून पाणी शोधले. घर राखणाऱ्याने तीच रीत उलटी वापरायची: पाणी कुठे मुरते ते पाहून वाळवीची वाट शोधायची.

यावर आक्षेप येईल की मग जयपूरसारख्या कोरड्या शहरात वाळवी का असावी? तिथे वर्षाला सुमारे 600 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. फाळणीनंतर निर्वासितांच्या वस्तीने भरलेले तिथले आदर्श नगर याचे उत्तर समजून घ्यायला सोयीचे आहे. रान कोरडे असते तेव्हा घर हेच पाणवठा होते. कूलरचे गळणारे पाणी, भिंतीलगतच्या कुंड्या आणि वाफे, मोरीची झिरपणारी नळी यांनी पायाजवळची माती उन्हाळाभर ओली राहते. बाहेर जे मिळत नाही ते वाळवीला जोत्यापाशी मिळते. पुढे चौकट, भिंतीतले कपाट आणि कागद आहेतच. याच आदर्श नगरात मुलतानच्या दिगंबर जैनांचे मंदिर आहे. त्यांनी येताना मूर्तींबरोबर हस्तलिखितेही आणली. कागद काय आणि सागवान काय, वाळवीच्या लेखी दोन्ही सेल्युलोजच. म्हणजे कोरडेपणाने ओलीचा नियम मोडत नाही, उलट अधिक ठळक होतो.

पण ओल शोधण्याआधी किडा वाळवीच आहे याची ओळख पटवायला हवी. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती उडणारे सारेच पंखवाले किडे वाळवीचे नसतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरातून वाकलेल्या. लाकडातून नुसता कोरडा भुसा गळत असेल आणि मातीचा लवलेशही नसेल, तर तो बहुधा भुंगेऱ्याचा उपद्रव असतो. तिथे जमिनीत औषध ओतणे व्यर्थच. चौकट ठोकल्यावर पोकळ वाजली आणि आत माती निघाली, तर मात्र शोध जमिनीकडे न्यायला हवा.

औषधाचे युग आले ते 1940च्या दशकात. क्लोरडेन, आल्ड्रिन, हेप्टाक्लोर ही द्रव्ये मातीत वर्षानुवर्षे टिकत. 1971मध्ये भारतीय मानक 6313 प्रथम निघाले आणि पाया भरतानाच माती औषधाने भिजवण्याची रीत नेमून दिली गेली. पण टिकण्याचा हा गुणच दोष ठरला. ही द्रव्ये मातीतून प्राण्यांच्या आणि माणसांच्या चरबीत साठू लागली. 1996मध्ये भारताने या तिन्हींवर बंदी घातली. 2001च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने रोखलेल्या पहिल्या बारा द्रव्यांतही ती होती. त्यांची जागा घेणारे क्लोरपायरिफॉसही 2025मध्ये, काही सवलतींसह, त्याच करारात आले. म्हणजे केवळ विषावर उभी केलेली भिंत एका पिढीतच पुन्हा बांधावी लागली.

कुणी म्हणेल, ओल काढून आत शिरलेली वाळवी जात नाही. हे खरे आहे. एकदा लागण झाल्यावर भिंत आणि फरशीच्या सांध्यात सुमारे 30 सेंटीमीटर अंतराने छिद्रे पाडून औषध सोडावे लागते, आणि ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. आता इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिलसारखी औषधे आहेत, जी वाळवीला जाणवत नाहीत, म्हणून ती वाट बदलत नाही. 1990च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठाच्या नान-याओ सू यांच्या संशोधनातून आमिषाची पद्धत आली. वाळवी विष खाते, इतरांना भरवते आणि त्या विषामुळे कात टाकता न आल्याने वसाहत खचते. या पद्धतीत विष मातीत पसरत नाही. पण यांपैकी कोणताही उपाय गळकी नळी दुरुस्त करत नाही. औषधाचा प्रभाव ओसरला की ओल नव्या वाळवीला पुन्हा बोलावते.

त्या 6313 मानकाचा पहिला भाग औषधाविषयी नाहीच. तो बांधकामातल्या खबरदारीविषयी आहे: जागेवरचे खुंट, मुळे आणि लाकडाचे तुकडे काढून टाकणे, घराभोवती काँक्रीटचा पट्टा घालणे. क्रम तोच ठेवायला हवा. आधी पाणी जोत्यापासून दूर न्यावे, लाकूड मातीला टेकू देऊ नये, पावसाळ्यापूर्वी भिंतींच्या तळाशी मातीची रेघ शोधावी आणि मग गरजेपुरते औषध वापरावे. ज्या जीवाला आपल्या पूर्वजांनी रुक्ष भूमीत पाणी शोधणारा म्हणून ओळखले, त्याला आवरण्याची सुरुवातही पाण्याच्या शोधापासूनच करायला हवी.