आलपाकाचे देशांतर

एके काळी आपल्याकडील वकील, कारकून आणि हेडमास्तर आलपाकाचा काळा कोट घालीत. परंतु ज्या प्राण्याच्या लोकरीवरून त्या कापडास हे नाव मिळाले, तो त्यांच्यापैकी क्वचितच कोणी पाहिला असेल. आज सिडनी शहरातील कुटुंबे सुटीच्या दिवशी सकाळी मोटारीने निघतात, शहराबाहेरील एखाद्या आलपाकांच्या कुरणावर जातात, मुलांच्या हातून त्या लांब मानेच्या, गरीब स्वभावाच्या जनावरांना दाणा चारवितात आणि दिवेलागणीच्या आत घरी परततात. आलपाका चिडलाच तर थुंकतो, आणि मुलांना त्याचीच मौज अधिक वाटते. हे प्राणी त्या भूमीवर प्रथम उतरले इ. स. १८५८ मध्ये, आणि तेही चोरवाटेने.

आलपाकाचे खरे घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील आन्डीज पर्वताची उंच पठारे. विकुन्या या रानटी प्राण्याला माणसाळवून तेथील लोकांनी सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी तो निर्माण केला. इंका राज्यात उंची वस्त्राचा मान सोन्याहून कमी नव्हता. राजा सरदारांचा गौरव करी तो वस्त्रे देऊन. १५३२ मध्ये स्पॅनिश लोक आले, आणि पुढील शंभर वर्षांत कळपांची व कळप राखणारांची अशी वाताहत झाली की, शतकानुशतके जपलेली वाणेही मिसळून गेली. दक्षिण पेरूत एल यारल येथे वाळूत सुकून राहिलेली सुमारे हजार वर्षांपूर्वीची जनावरे सापडली आहेत. त्यांची लोकर आजच्या बहुतेक आलपाकांपेक्षा तलम आणि एकसारखी भरली!

युरोपला या लोकरीची किंमत उशिरा कळली. १८३६ मध्ये टायटस सॉल्ट या यॉर्कशरच्या कारखानदाराने लिव्हरपूलच्या गुदामात पडून राहिलेले गठ्ठे विकत घेतले. सुती ताणा आणि आलपाकाचा बाणा घालून त्याने जे चकचकीत कापड काढले, त्याच्या जोरावर १८५३ मध्ये त्याची प्रचंड गिरणी उभी राहिली आणि तिच्याभोवती सॉल्टेअर हे गाव वसले. मग हा प्राणीच आपल्या वसाहतींत का नसावा, असे इंग्रजांना वाटू लागले. पेरूने जिवंत आलपाका देशाबाहेर नेण्यास बंदी केली होती. तरीही चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने कळप बोलिव्हिया व अर्जेंटिनातून बर्फाळ घाट ओलांडीत चिलीच्या किनाऱ्यापर्यंत हाकीत नेला. वाटेत असंख्य जनावरे दगावली. नोव्हेंबर १८५८ मध्ये आलपाका, लामा वगैरे मिळून २५६ जनावरे सिडनीस उतरली. त्यांच्याबरोबर आन्डीजमधील गुराखीही आले होते. लेजरच्या धाडसाच्या वर्णनात मात्र त्यांच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात.

न्यू साउथ वेल्सच्या सरकारने तो कळप १५,००० पौंडांस घेतला आणि लेजरलाच त्यावर अधिकारी नेमले. परंतु लवकरच त्याचे व सरकारचे बिनसले. लामांच्या संकराने लोकर एकजिनसी नव्हती, आणि भोवतीच्या शेतकऱ्यांना मेरिनो मेंढ्यांपासून हमखास उत्पन्न होते. पाच-सहा वर्षांतच कळपाची पांगापांग झाली. सरकारी दप्तरात जनावरांची शिरगणती होऊ शकते, पण आन्डीजमधील गुराखी पिढ्यान्‌पिढ्या पाट काढून दलदलीची कुरणे हिरवी ठेवतो, ती विद्या कोणत्या रकान्यात लिहावयाची?

लेजरचे नाव भारतातही पोहोचले, ते दुसऱ्याच वाटेने. दार्जिलिंगकडील मुंगपू येथे लावलेल्या सिंकोनाच्या उत्तम जातीस त्याचेच नाव आहे. ते बी बोलिव्हियाच्या रानातून गोळा केले मान्वेल इन्क्रा मामानी या त्याच्या आयमारा सोबत्याने. त्याबद्दल त्याला तुरुंग व मार मिळाला, आणि त्यातच त्याचा अंत झाला.

१९८०च्या दशकात चिलीतून निर्यात सुरू झाली आणि आलपाका पुन्हा ऑस्ट्रेलियात आले; या खेपेस राजरोस, कागदपत्रांसह, आणि तेथे रुजलेही. तरी जगातील बहुतांश आलपाका अजून पेरूतच आहेत. केचवा व आयमारा कुटुंबे ते राखतात, लोकर बहुधा मध्यस्थाच्या हाती जाते, आणि आरेकिपाच्या गिरण्यांत अनुभवी स्त्रिया ती नुसत्या बोटांच्या स्पर्शाने तलम-जाड निवडीत बसतात.