पाल की एनटीएससी? एका प्रश्नाची कुळकथा

घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ फायलींची डीव्हीडी करायला बसलं, की सॉफ्टवेअर विचारतं : पाल की एनटीएससी? आपण भारतात सवयीने 'पाल' निवडतो. या प्रश्नाचं मूळ टीव्हीच्या रंगांत नाही, घरात येणाऱ्या विजेत आहे, असं माझं ठाम मत आहे.

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली आणि २००१पासून ती घरी बर्न करणं आवाक्यात आलं. एवढा इतिहास पुरे. खरी गंमत 'पाल'मध्ये आहे. टेलिफुंकन कंपनीत वॉल्टर ब्रुख यांनी १९६३ साली मांडलेली ही रंग पाठवण्याची पद्धत. पण बर्न केलेल्या डिस्कवर ती नसतेच! तिथे असतो एमपेग-२ व्हिडिओ. पालचे रंग प्लेअर टीव्हीकडे पाठवताना तयार करतो. डिस्कवर 'पाल' म्हणजे फक्त ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकी 'एनटीएससी' म्हणजे ४८० ओळी आणि २९.९७ चित्रं.

मग हे २५ आणि ३० आले कुठून? युरोपात वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०ची. जुन्या टीव्हीतल्या वीजपुरवठ्याची घरघर पडद्यावर काळपट पट्टा होऊन उमटायची. चित्राचा वेग विजेशी जुळला तर पट्टा जागीच राहतो, नाहीतर तो पडद्यावर वरखाली सरकत राहतो. प्रत्येक चित्र दोन भागांत दाखवलं जाई, म्हणून या भागांचा वेग विजेशी जुळवला : सेकंदाला ५० किंवा ६० भाग, म्हणजेच २५ किंवा ३० चित्रं. पुढे १९५३ साली अमेरिकेत रंग आले, तेव्हा रंगाच्या आणि आवाजाच्या लहरींची जाळी चित्रात दिसू नये म्हणून ३०चा वेग हजारात एक भागाने कमी केला. तेच हे २९.९७.

काही जण म्हणतात, २५ हा आकडा सिनेमाच्या २४ चित्रांच्या जवळचा म्हणून घेतला. मला हे पटत नाही. तसं असतं तर हॉलिवूडच्या देशाने तो आधी घेतला असता. त्यांनी ३० घेतले आणि २४ चित्रं त्यात बसवण्यासाठी काही चित्रं जास्त वेळ दाखवण्याची कसरत पत्करली.

अधिक वजनदार आक्षेप जपानचा. पूर्व जपानात वीज ५० हर्ट्झची, तरी टीव्ही साऱ्या देशात एनटीएससी होता. माझा अंदाज असा, की एका देशात दोन प्रकारचे टीव्ही परवडणारे नव्हते आणि अमेरिकेचं वजन निर्णायक ठरलं. उलट ब्राझील पाहा. त्यांनी रंगासाठी जर्मन पाल घेतलं, पण वीज ६०ची असल्याने चित्राचा वेग अमेरिकेचाच ठेवला. म्हणूनच पाल स्वीकारलेल्या ब्राझीलमध्ये डीव्हीडी मात्र एनटीएससीच्या! माझ्या मते हा पुरावा निर्विवाद आहे.

दोन्ही पर्यायांत डिस्कवरचा भार जवळपास सारखाच : ५७६ गुणिले २५ म्हणजे १४,४०० आणि ४८० गुणिले ३० म्हणजेही १४,४००. म्हणून जागेचा विचार करून निवडू नका. लग्नाची डीव्हीडी न्यू जर्सीतल्या मावशीला पाठवायची असेल, तर एनटीएससी निवडा. तिकडचे अनेक प्लेअर पाल डिस्क चालवत नाहीत, आपल्याकडचे बहुतेक दोन्ही चालवतात.